टाकीत पेट्रोल, तरी इंजिन उपाशी

विज्ञान पाठ : इयत्ता ८ वी ते १० वी (पालकांनीही जरूर वाचावा)



आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते आहे. तिच्या महाविद्यालयातील मुलामुलींनी मिळून शर्यतीची एक लहान गाडी तयार केली होती. एका माणसाची, चाके उघडी असलेली, मोटारसायकलचे इंजिन बसवलेली. अशा गाड्यांच्या विद्यार्थी स्पर्धा १९८१ साली अमेरिकेत सुरू झाल्या आणि आता आपल्या देशातही होतात. त्यातील सर्वांत कठीण परीक्षा सुमारे २२ किलोमीटरची असते. अर्ध्या वाटेवर चालक बदलतो, पण मध्ये पेट्रोल भरता येत नाही. गाडी वाटेत कायमची थांबली की त्या फेरीतली मेहनत वाया गेली.

यांची गाडी सोळाव्या किलोमीटरला थांबली. त्या रात्री तिचा मला फोन आला.

"सर, टाकीत साडेतीन लिटर पेट्रोल शिल्लक होतं. गाडी ढकलत परत आणली, अर्ध्या तासाने बटण दाबलं, आणि इंजिन लगेच सुरू झालं! आता सगळे म्हणतात की दुसऱ्या चालकानेच ती बंद पाडली. तो तर जेवलासुद्धा नाही."

मी म्हटले, "अगं, आधी सांग, इंजिन अडखळायचं ते कुठे? सरळ रस्त्यावर की वळणावर?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "वळणावर, सर. आणि फक्त उजव्या."

या एका उत्तरात आजचा पाठ आहे. टाकीत पेट्रोल असणे आणि ते इंजिनापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट काट्यावर दिसते. दुसरीसाठी विज्ञान लागते.

१. बसमधली बाटली

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना तुम्ही हे पाहिले असेल. पाण्याची अर्धी भरलेली बाटली हातात धरा. बस सरळ चालली असता पाण्याचा पृष्ठभाग आडवा, सपाट असतो. बस उजवीकडे वळली की पाणी डाव्या बाजूला चढते. बस ब्रेक लावते तेव्हा पाणी पुढे चढते. बस वेग घेते तेव्हा मागे.

पाण्याला डावीकडे कोणी ढकलले? कोणीही नाही. पाणी आपल्या जडत्वामुळे सरळच जाऊ पाहत होते. बाटली मात्र बसबरोबर उजवीकडे वळली. म्हणून बाटलीत बसून पाहणाऱ्याला पाणी डावीकडे गेल्यासारखे वाटते. तुम्ही स्वतःही त्या वेळी शेजाऱ्याच्या अंगावर कलता, त्याचे कारण हेच.

पृष्ठभाग किती कलेल याचे गणित सोपे आहे. वळणावरचे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. हे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जितके पट, तितका पृष्ठभागाचा चढ. हिशोबासाठी गुरुत्वत्वरण १० मी./से.² धरू.

उदाहरण १ : बसचा वेग ३६ कि.मी. प्रतितास, म्हणजे १० मीटर प्रतिसेकंद. वळणाची त्रिज्या ५० मीटर.
त्वरण = १० × १० ÷ ५० = २ मी./से.²
हे गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांश आहे. म्हणून दर ५ सें.मी. रुंदीमागे पाणी १ सें.मी. चढेल. कल सुमारे ११ अंशांचा.

उदाहरण २ : शर्यतीच्या गाडीचा वेग ५४ कि.मी. प्रतितास, म्हणजे १५ मीटर प्रतिसेकंद. वळणाची त्रिज्या २२.५ मीटर.
त्वरण = १५ × १५ ÷ २२.५ = १० मी./से.²
हे गुरुत्वत्वरणाइतकेच झाले. म्हणून १ सें.मी. रुंदीमागे १ सें.मी. चढ, म्हणजे पूर्ण ४५ अंशांचा कल!

५४ हा वेग ऐकायला मोठा वाटत नाही. आपल्या रस्त्यावरची गाडी एवढ्या लहान वळणावर या वेगाने नेली तर तिची चाके घसरतील. शर्यतीच्या गाडीचे टायर मऊ आणि रुंद असतात, ते रस्ता घट्ट धरून ठेवतात. यात एक गंमत आहे. गाडी जितकी चांगली वळते, तितके टाकीतले पेट्रोल अधिक कलते. म्हणूनच रोजच्या वापरात कधीही त्रास न देणारी स्पोर्ट्स कार ट्रॅकवर नेली आणि चांगले टायर घातले, की एकाएकी वळणावर अडखळू लागते. गाडी बिघडलेली नसते. ती ज्या त्वरणासाठी बनवली होती त्यापेक्षा जास्त त्वरण तिला मिळालेले असते.

२. टाकीचा तळ कोरडा कसा पडतो?

आता वहीत एक आयत काढा. रुंदी ४० सें.मी., उंची २० सें.मी. ही टाकी समोरून पाहिल्यासारखी. तिची लांबी १० सें.मी. धरली तर टाकी ८ लिटरची झाली. गाडी उजवीकडे वळते आहे आणि पृष्ठभाग ४५ अंशांनी कलला आहे. तर तळाचा किती भाग पेट्रोलखाली राहील?

टाकीत ६ लिटर असताना : कलती रेषा तळाच्या उजव्या कोपऱ्यात जेमतेम टेकते. तळ पूर्ण झाकलेला.
टाकीत ४ लिटर असताना : उजवीकडचा १० सें.मी. तळ कोरडा.
टाकीत २ लिटर असताना : उजवीकडचा २० सें.मी. तळ कोरडा, म्हणजे अर्धा तळ.

क्षेत्रफळाने हे पडताळून पाहा. २ लिटरच्या वेळी पेट्रोल डाव्या कोपऱ्यात २० सें.मी. पायाच्या आणि २० सें.मी. उंचीच्या त्रिकोणात उभे असते. क्षेत्रफळ २०० चौ.सें.मी., गुणिले लांबी १० सें.मी., बरोबर २००० घन सें.मी. हिशोब जुळला.

आता पेट्रोल शोषणाऱ्या नळीचे तोंड उजव्या भिंतीपासून ८ सें.मी. वर आहे असे समजा. ६ लिटर असताना काहीच त्रास नाही. ४ लिटरच्या खाली आले की प्रत्येक उजव्या वळणावर नळीचे तोंड उघडे पडणार आणि पेट्रोलऐवजी हवा ओढणार. डाव्या वळणावर मात्र पेट्रोल नळीकडेच येते, म्हणून तेव्हा सर्व ठीक.

आपल्या विद्यार्थिनीच्या गाडीत नेमके असेच होते. सुरुवातीला ६ लिटर भरले होते. पहिल्या चालकाच्या वाट्याला भरलेली टाकी आली, दुसऱ्याच्या वाट्याला रिकामी होत जाणारी. गाडी तीच, ट्रॅक तोच, पण दोघांच्या वाट्याला आलेले विज्ञान वेगळे! दोष मात्र दुसऱ्यावर आला.

रस्त्यावरच्या काही स्पोर्ट्स कारमध्ये आणखी एक अडचण असते. मागच्या चाकांना शक्ती नेणारा दांडा गाडीच्या मधून जातो. त्याला जागा देण्यासाठी टाकीचा मधला भाग वर उचललेला असतो. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्यांसारखी टाकी दोन कप्प्यांची होते. पंप एकाच कप्प्यात असतो आणि दुसऱ्या कप्प्यातले पेट्रोल एक लहान नळी ओढून आणते. लांब वळणावर पंपाकडचे पेट्रोल मधला उंचवटा ओलांडून पलीकडे गेले, तर ते परत यायला वेळ लागतो. काटा अर्धी टाकी दाखवत असतो आणि पंप कोरडा पडलेला असतो.

३. क्षणभराच्या हवेने एवढे काय बिघडते?

इंजेक्शनच्या गाडीत विजेचा पंप पेट्रोल साधारण ३ ते ४ बार दाबाने इंजेक्टरपर्यंत नेतो. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब सुमारे १ बार असतो, त्यावरून कल्पना येईल. इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो आणि ठरलेले पेट्रोल फवारतो. द्रव दाबला तरी आकसत नाही, हवा मात्र आकसते. नळीत हवा शिरली की दाब कोसळतो आणि तेवढ्याच वेळात कमी पेट्रोल बाहेर पडते.

चार फटक्यांचे इंजिन मिनिटाला ९००० फेरे घेत असेल तर त्याचा प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ७५ वेळा पेट्रोल मागतो. अर्धा सेकंद हवा आली तर ३७ घास चुकले! आपल्याला जो क्षण वाटतो, तो इंजिनाला लांबलचक उपवास असतो.

उपवास पूर्ण असेल तर इंजिन नुसते बंद पडते. अर्धपोटी राहणे त्याहून वाईट. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. जोरात पळताना इंजिनाला याहूनही थोडे अधिक पेट्रोल देतात, कारण ते जादा पेट्रोल आतील उष्णता कमी ठेवते. ऐन जोरात पेट्रोल कमी पडले तर मिश्रण अवेळी पेट घेऊ लागते, इंजिन ठोके देते, आणि पिस्टन व व्हॉल्व्ह जळण्याची भीती असते. पंपाचेही नुकसान होते. टाकीतल्या पंपाला थंड ठेवणारे आणि वंगण देणारे तेच पेट्रोल असते.

याशिवाय एक धोका माणसांचा. वळणाच्या मध्यावर गाडीची ओढ अचानक गेली तर तिचा तोल बदलतो. मागून दुसरी गाडी वेगात येत असते, आणि पुढची गाडी मंदावेल अशी तिच्या चालकाची अपेक्षा नसते.

४. उपाय : आजीचा डहाळा ते सर्ज टँक

हा प्रश्न नवीन नाही. नदीवरून किंवा विहिरीवरून पाणी आणताना बायका घागरीत एखादा पाल्याचा डहाळा टाकत. त्यामुळे चालताना पाणी हिंदकळत नाही. घरी आजीला विचारून पाहा. डहाळा पाण्याला अडवत नाही, त्याची मोठी लाट होऊ देत नाही, एवढेच.

(अ) टाकी निम्म्याखाली जाऊ न देणे. हा सर्वांत स्वस्त उपाय. ट्रॅकवर जाणारे अनुभवी लोक प्रथम हाच सांगतात. याची किंमत वजनात मोजावी लागते. पेट्रोल लिटरमागे सुमारे पाऊण किलो भरते, म्हणजे २० लिटर जादा ठेवले तर १५ किलो वजन वाढले. इंजिन वाचवण्यासाठी ही किंमत फार नाही.

(आ) आडवे पत्रे. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येणारा पाण्याचा टँकर आठवा. त्याच्या आत मोठी भोके पाडलेले पत्रे उभे जोडलेले असतात. गॅरेजमध्ये यांना बॅफल म्हणतात. पाणी भोकांतून हळूहळू जाते, पण एकदम धावत नाही. पत्रे नसते तर अर्ध्या भरलेल्या टँकरने ब्रेक लावताच सगळे पाणी पुढे आदळले असते. मोटारीच्या टाकीतही असेच पत्रे घालतात. शर्यतीच्या गाड्यांत नळीच्या तोंडाभोवती चौकोनी कप्पा करून त्याला आत उघडणारी झडपदारे बसवतात. पेट्रोल आत येते, परत जाऊ शकत नाही. पिंजऱ्याच्या दारासारखे!

(इ) स्पंज. शर्यतीच्या टाकीत मोठ्या छिद्रांचा खास स्पंज भरतात. तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि जागाही फार थोडी घेतो. आजीच्या डहाळ्याचे काम तो करतो. अपघातात टाकी फुटली तर आगीचा भडकाही त्यामुळे कमी होतो. हा स्पंज ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो, नाहीतर त्याचे कण पंपाच्या जाळीत अडकून पुन्हा उपासमार सुरू.

(ई) सर्ज टँक. हा उपाय सर्वांत खात्रीचा. मोठ्या टाकीशेजारी एक लहान, उभी, अरुंद टाकी बसवतात. एक पंप मोठ्या टाकीतून पेट्रोल उचलून लहान टाकीत टाकतो. दुसरा, जास्त दाबाचा पंप लहान टाकीच्या तळातून इंजिनाला पुरवतो. वळणावर पहिल्या पंपाने हवा ओढली तरी ती लहान टाकीच्या वर जमते आणि तिथल्या नळीने मोठ्या टाकीत परत जाते. इंजिनाला तळातले शुद्ध पेट्रोल मिळत राहते. आपल्या घरात विहिरीचे पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत चढवतात, तसेच हे. वीज गेली तरी नळाला पाणी असते.

(उ) साध्या गोष्टी. जाळी तुंबलेली नसावी. पंपाला पुरेशी वीज मिळावी. पेट्रोलची नळी इंजिनाच्या गरम भागाजवळून नेऊ नये, कारण तापलेल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ म्हणजे पुन्हा हवेसारखाच अडथळा. टाकीला हवा घेण्याची वाट मोकळी हवी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते आणि दुसरे भोक पाडले की धार लागते, हे स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिले आहे.

५. मग सर्ज टँक असूनही गाडी का थांबली?

इथे आपल्या विद्यार्थिनीची गोष्ट पुढे नेऊ. त्यांच्या गाडीत सर्ज टँक होता. पाव लिटरचा, म्हणजे २५० घन सें.मी. चा. तो बसवण्याचे काम तिचेच. म्हणून तर तिला खात्री होती की पेट्रोलचा दोष असूच शकत नाही. गाडी स्टँडवर तासभर चालवून पाहिली होती, एकदाही अडखळली नव्हती.

फोनवर मी तिला म्हटले, "पहिला पंप किती देतो, दुसरा किती ओढतो, इंजिन किती पिते, तिन्ही आकडे लिहून काढ. आणि नळ्या कुठून कुठे जातात ते चित्र काढ. डोक्यातले नको, गाडीसमोर बसून काढ."

गाडीत पेट्रोलचा दाब आणि वळणावरचे त्वरण नोंदवणारे उपकरण होते. तिने दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले. बाराव्या किलोमीटरनंतर प्रत्येक उजव्या वळणानंतर दाब थोडा थोडा ढासळत होता. शेवटी लागोपाठ तीन उजवी वळणे आली आणि दाब शून्याकडे गेला. नळीत हवा भरली, चालकाने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, तोवर बॅटरीही दमली. चालकाचा दोष नव्हता हे कागदावर स्पष्ट झाले.

आता तिने काढलेले आकडे पाहा.

पहिला पंप देतो : सेकंदाला ४५ घन सें.मी.
दुसरा पंप ओढतो : सेकंदाला ४० घन सें.मी.
इंजिन पिते : सेकंदाला जास्तीत जास्त ४ घन सें.मी.

दुसरा पंप इंजिनाच्या गरजेच्या दहापट ओढतो! उरलेले ३६ घन सें.मी. परतीच्या नळीने मागे येते. ते कुठे यायला हवे? लहान टाकीत. तिने चित्र काढले तेव्हा दिसले की परतीची नळी मोठ्या टाकीला जोडली आहे. जोडायला ती जागा सोयीची होती.

यामुळे काय झाले ते मोजू. वळण ३ सेकंदांचे, मधला सरळ तुकडा ४ सेकंदांचा धरा.

पहिले वळण : ३ × ४० = १२० गेले. शिल्लक १३०.
सरळ तुकडा : ४ × (४५ − ४०) = २० आले. शिल्लक १५०.
दुसरे वळण : १२० गेले. शिल्लक ३०.
सरळ तुकडा : २० आले. शिल्लक ५०.
तिसरे वळण : १२० हवेत, आहेत ५०. टाकी कोरडी!

परतीची नळी लहान टाकीला जोडली असती तर? वळणावर फक्त इंजिन पिते तेवढेच जाते, ३ × ४ = १२. शिल्लक २३८. सरळ तुकड्यात सेकंदाला ४१ येतात, म्हणजे तिसऱ्या वळणाआधीच काय, अर्ध्या सेकंदात टाकी पुन्हा काठोकाठ!

पंप तेच, टाकी तीच. फक्त एका नळीची जागा वेगळी. स्टँडवर गाडी वळत नव्हती, म्हणून ही चूक तासभर चालवूनही उघडी पडली नाही. जी अडचण वळणावर येते, ती वळणावरच तपासली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तिने सर्वांना बोलावले, आलेख टेबलावर ठेवले आणि सांगितले, "चूक चालकाची नाही. नळी मी जोडली होती." त्या चालकाची तिने सर्वांसमोर क्षमा मागितली. मला फोनवर म्हणाली, "सर, आलेख काढायला दोन तास लागले. हे बोलायला त्याहून जास्त वेळ लागला." मला तिच्या गणितापेक्षा या वाक्याचा अधिक अभिमान वाटला. पुढच्या वर्षी त्यांनी नळीची जागा बदलली, टाकीत आडवे पत्रे घातले आणि शोषण्याचे तोंड मध्यावर आणले. गाडीने २२ किलोमीटर पूर्ण केले. त्या दिवशी दुसऱ्या टप्प्यात गाडी चालवणारा तोच मुलगा होता.

६. इतिहासातले एक उदाहरण

प्रवाहाचा असाच हिशोब एका महिला अभियंत्याने युद्धकाळात केला होता. १९४० साली ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन असे. त्याला कार्ब्युरेटर होता. वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली घातले की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल वर उचलले जाई. इंजिन आधी क्षणभर उपाशी राही आणि मग उलट पेट्रोलचा लोंढा येऊन गुदमरे. जर्मन मेसरश्मिट १०९ विमानाच्या इंजिनात पेट्रोल थेट फवारले जाई, म्हणून ते निसटून जाऊ शके.

फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधील बिअॅट्रिस शिलिंग यांनी यावर पेट्रोलच्या वाटेत बसणारी मोजक्या भोकाची एक लहानशी धातूची चकती सुचवली. इंजिनाला जास्तीत जास्त जेवढे पेट्रोल लागते, तेवढेच त्या भोकातून जाई. त्यामुळे लोंढा थांबला. १९४१ साली ही चकती लढाऊ विमानांना बसवली गेली, तीही विमाने कामावरून फार दिवस बाजूला न काढता. दोष मुळातून गेला नाही, त्यासाठी पुढे नव्या प्रकारचे कार्ब्युरेटर आले. पण ऐन गरजेच्या वेळी वैमानिकांचे प्राण वाचले. शिलिंग स्वतः मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेत आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्यांनी ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी पूर्ण केली होती. यंत्र हाताळणारी व्यक्तीच यंत्राचे दुखणे लवकर ओळखते.

७. करून पाहा

साहित्य : पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी डबा, रंगीत पाणी, जाड प्लास्टिकची पट्टी, धागा, लहान वजन.

कृती : डब्यात निम्मे रंगीत पाणी घ्या. डबा ट्रेमध्ये ठेवून ट्रे एकदम पुढे ओढा आणि एकदम थांबवा. पाणी किती चढते त्याची खूण करा. आता पट्टीला चार-पाच भोके पाडून ती डब्यात मधोमध उभी बसवा आणि तीच कृती करा. दोन्ही खुणांतील अंतर मोजा. नंतर डब्यावर धाग्याने वजन टांगून ट्रे एकसारख्या वाढत्या वेगाने ओढून पाहा. धागा आणि पाण्याचा पृष्ठभाग एकमेकांशी काटकोन करतात का?

सूचना : प्रयोग फक्त पाण्याने करावा. पेट्रोल, रॉकेल किंवा स्पिरिट हाताळू नये. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीतही वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा सहज भडकते. टाकी कापणे, जोडणे ही कामे उद्यमबागेतल्या अनुभवी कारागिरालाही पूर्ण खबरदारी घेऊनच करावी लागतात. पालकांनी याकडे लक्ष द्यावे. तसेच वळणावरचा वेग हा बंद ट्रॅकवरचा विषय आहे, घाटातला नाही.

लक्षात ठेवा

• वळणावर, ब्रेक लावताना आणि वेग घेताना द्रवाचा पृष्ठभाग कलतो. त्वरण जितके अधिक, तितका कल अधिक.
• निम्म्याहून कमी भरलेल्या टाकीत शोषणाऱ्या नळीचे तोंड उघडे पडण्याची शक्यता वाढते.
• एकाच बाजूच्या वळणावर इंजिन अडखळत असेल तर प्रथम टाकी तपासावी. तशीच गाडी पळवत राहू नये. पाय हलका करावा, गाडी सरळ करावी, हात वर करून मागच्यांना खूण द्यावी आणि कडेला घ्यावी.
• सर्ज टँकची परतीची नळी सर्ज टँकमध्येच यावी.
• माणसाला दोष देण्याआधी मोजमाप करावे.

स्वाध्याय

१. गाडीचा वेग ७२ कि.मी. प्रतितास आणि वळणाची त्रिज्या ८० मीटर आहे. ४० सें.मी. रुंद टाकीत दोन्ही भिंतींजवळच्या पेट्रोलच्या उंचीत किती फरक पडेल? (टाकी पुरेशी उंच आहे असे धरा.)
२. पाठातील टाकीत १ लिटर पेट्रोल असताना ४५ अंशांच्या कलात तळाचा किती भाग कोरडा राहील? आकृती काढा.
३. परतीची नळी चुकीच्या जागी असतानाच सर्ज टँक अर्ध्या लिटरचा केला असता तर अशा कितव्या वळणावर तो कोरडा पडला असता? यावरून नुसती मोठी टाकी घेणे हा पुरा उपाय आहे का, ते लिहा.
४. पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला टँकर चालवणे अवघड का असते?
५. घरातील मोठ्या माणसांना विचारून डहाळ्यासारखी आणखी एक युक्ती शोधा आणि तिच्यामागचे कारण लिहा.

उत्तरे वहीत लिहून विज्ञानाच्या तासाला दाखवावीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनीही काढून पाहावे. पाटीवर मांडल्यावर ते सोपे आहे.

— विज्ञान शिक्षक